ओढून घेतलेला सूर

हन्नाबाई अमोलिक एकतीस वर्षं कापणीच्या सणाला रिकाम्या हातांनी कठड्यापाशी गेल्या, आणि काय आणलं असं त्यांना कधी कुणी विचारलं नाही.

देवळाली प्रवऱ्याच्या बाहेर, कॅनॉलच्या अंगाला आमची वस्ती आहे आणि वस्तीच्या टोकाला चर्च. बाजरी घरात आली की नोव्हेंबरात तिथे कापणीचा सण होतो. ज्याने जे पिकवलं किंवा पाळलं, त्यातलं पहिलं तो वेदीपुढच्या लाकडी कठड्यापाशी आणून ठेवतो. कणसांच्या पेंढ्या, भोपळे, उसाची मोळी, पाय बांधलेल्या कोंबड्या. पाळकसाहेब 'प्रभूने स्वीकारलं' म्हणतात, मंडळी 'आमेन' म्हणते, आणि मग पुढचा माणूस पुढे येतो. आमेन झाल्याशिवाय कुणी कठडा सोडत नाही. आणि कठड्यापाशी आणलेलं काहीही परत पाठवत नाहीत. एका दुष्काळात कुणीतरी आटलेल्या विहिरीच्या तळाची नुसती माती आणली होती म्हणे. तीही ठेवून घेतली.

हन्नाबाईंना शेत नव्हतं. नवरा आमोसभाऊ साखर कारखान्यात फिटर, त्या स्वतः अंगणवाडीच्या बाई. त्या कठड्यापाशी उभं राहून उपकारस्तुतीचं गीत म्हणायच्या आणि तेच त्यांचं देणं होतं. आवाज गोड नव्हता, रुंद होता. पहिल्या ओळीला मागच्या बाकावर पेंगणारी माणसं सरळ बसत आणि पाय बांधलेल्या कोंबड्या गप्प होत. कोंबड्यांचं आमोसभाऊ सांगतात. त्यांचं सगळंच खरं धरायचं नसतं.

गेल्या वर्षी जानेवारीत हन्नाबाईंच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ काढली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की गाठ आवाजाच्या नसेला चिकटली आहे, एक बाजू कदाचित हलणार नाही. तसंच झालं. गाठ गेली आणि तिच्याबरोबर आवाजही. उरली नुसती हवा, जिच्यात शब्द कसेबसे तरंगत. फोनवर पुण्याहून त्यांची मुलगी एंजेला म्हणायची, "आई, तुझ्याकडे रेंज नाही का गं?" हन्नाबाई म्हणायच्या, "रेंज हाय. मीच न्हाई."

अंगणवाडीत मुलांना हाक मारायला त्या ताटावर चमचा वाजवू लागल्या. चर्चमध्ये गायकांच्या रांगेत मात्र उभ्या राहत, ओठ हलवत. कुणी काही म्हटलं नाही. पावसाळ्यात एका संध्याकाळी मंडळीचे सचिव, इमॅन्युएल त्रिभुवन सर, त्यांच्या ओट्यावर येऊन बसले.

सर निवृत्त मुख्याध्यापक. अर्ध्या वस्तीला अपूर्णांक त्यांनी शिकवले, चर्चचं गळकं छप्पर त्यांनीच पाठपुरावा करून बदलून घेतलं. वाईट माणूस नव्हे. फक्त जे यादीत बसत नाही ते त्यांना दिसत नसे.

"यंदा उपकारस्तुती क्रिस्टीना म्हणेल," सर म्हणाले. "तरुण आवाज आहे. हन्नाबाई, तुम्ही आता चहाचं बघा. तीही सेवाच आहे."

"मी कठड्याला येनार."

"या ना. एखादा भोपळा आणा."

"भोपळा मी लावलेला न्हाई."

"बाजारातून घ्या. देवाला काय फरक पडतो?"

"इकत आनलेलं पहिलं फळ कसं व्हईल, सर?" एवढं बोलायला हन्नाबाईंना दोनदा श्वास घ्यावा लागला. सरांनी थांबून ऐकलं, मान हलवली, आणि जाताना खिशातल्या कागदावर त्यांच्या नावापुढे 'चहा' लिहिलं.

त्या रात्री हन्नाबाई जेवल्या, भांडी घासली आणि भांडी पालथी घालताना आमोसभाऊंना म्हणाल्या, "नोव्हेंबरला मी माझं काहीतरी घिऊन जानार. ते काय ते मला अजून म्हाईत न्हाई."

नगरच्या दवाखान्यातल्या मुलीने त्यांना श्वासाचा व्यायाम दिला होता. ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ बुडवायचा आणि फुंकत राहायचं. हन्नाबाई सहा महिने बुडबुडे काढत होत्या. "माझा मासा झाला," त्या म्हणायच्या. आमोसभाऊ एकदा पाहुण्यांना शिर्डीच्या रेल्वेस्टेशनवर सोडायला गेले आणि येताना प्रसादाच्या दुकानांशेजारच्या खेळण्यांच्या गाड्यावरून एक माउथऑर्गन घेऊन आले. लाल प्लॅस्टिकच्या डबीत, भोकांच्या दोन रांगांचा.

"बुडबुड्यापरीस हे बरं," ते म्हणाले. "शेजाऱ्याला निदान कळंल तरी की तू घरी हायेस."

आठवड्यात हन्नाबाई त्यावर भजनं वाजवू लागल्या. लहानपणापासून पेटी बघितलेली, सूर कुठे असणार हे हाताला माहीत. वस्तीतल्या बायका म्हणाल्या, छान. 'छान' हा शब्द हन्नाबाई अंगणवाडीत रोज तीसेक वेळा वापरत, त्यामुळे त्याचं वजन त्यांना ठाऊक होतं.

मग एका दुपारी त्या शेंगा फोडत होत्या. मोबाईलवर कुणीतरी माउथऑर्गनवर वाजवलेली प्रार्थनागीतं लावून ठेवली होती. एक संपलं आणि मोबाईलने आपल्या मनाने पुढचं लावलं. पडद्यावर एक म्हातारा काळा माणूस होता, अमेरिकेतला. लाकडी घराच्या ओसरीत खुर्चीवर बसलेला, डोक्यावर हॅट, दोन्ही तळहातांच्या ओंजळीत बाजा लपवलेला. त्याने जे सुरू केलं ते गाणं नव्हतं आणि रडणंही नव्हतं. सूर वर जायचा, मध्येच वाकायचा, खरवडल्यासारखा व्हायचा. दोन सुरांमध्ये त्याचा श्वास ऐकू येत होता, दमलेल्या माणसाचा असतो तसा.

हन्नाबाईंच्या बोटांत शेंग तशीच राहिली.

"अहो, ह्यो मानूस गातोय का वाजवतोय?"

"तोंडात बाजा हाय म्हंजी वाजवतोय."

"याचा घसा माझ्यासारखा हाय."

"मंग कसं बरं वाजंल?"

"बरंच तर वाजतंय," हन्नाबाई म्हणाल्या. "ऐका की. तुटलाय तो सूर, पन लपवत न्हाई. तितंच परत परत येतोय."

ती तिकडची जुनी गत होती, ब्लूज म्हणतात त्या घराण्यातली. कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या लोकांनी सुरू केलेली, पुढे जाझ वाजवणाऱ्यांनी उचललेली. नाव इंग्रजी होतं. हन्नाबाईंनी ते लक्षात ठेवलं नाही. त्या 'ही' म्हणायच्या. "ही मला आली पायजे."

नोव्हेंबरला कठड्यापाशी काय न्यायचं हे त्या दुपारी ठरलं.

ती आली नाही. शिर्डीचा बाजा वाकायला तयार नव्हता. त्यात प्रत्येक सुराच्या दोन पट्ट्या होत्या, दोन्ही एकदम थरथरत, जत्रेतल्या पाळण्याशेजारी वाजावं तसं. एंजेलाने पुण्यातल्या वाद्यांच्या दुकानात चौकशी केली आणि दहा भोकांचा एक छोटा, जड बाजा कुरिअरने पाठवला. चौकोनी साबणाच्या वडीएवढा. आमोसभाऊंनी हातावर तोलून पाहिला. "एवढ्यात बसंल का तुझी ती गत?"

आमोसभाऊ चर्चमध्ये तबला वाजवतात. कारखान्यात यंत्रांशी तीस वर्षं काढल्यामुळे ठोका चुकलेला त्यांना सहन होत नाही. एंजेलाने फोनवर वाचून सांगितलं होतं की या गतीचं चक्र बाराचं असतं. आमोसभाऊ खूश झाले. बारा म्हणजे एकताल. ते रोज संध्याकाळी पाटावर बसून 'धिं धिं धागे तिरकिट' धरू लागले आणि हन्नाबाई त्यात गत बसवू लागल्या. गत बसेना. कधी तबला समेवर यायचा तेव्हा गत मध्येच लटकलेली असायची, कधी गत एक श्वास घेते तोवर तबल्याचं चक्र पुरं होऊन पुढे गेलेलं असायचं.

"तुझा अमेरिकावाला बेताला हाय," तीन आठवड्यांनी आमोसभाऊंनी निकाल दिला.

"त्यो न्हाई. आपन हाय."

अंगणवाडीत खिचडी वाढायच्या आधी स्टीलच्या वाट्या मांडतात. त्या दिवशी बाराच मुलं आली होती. हन्नाबाईंनी चार-चारच्या तीन रांगा केल्या आणि तशाच बघत बसल्या. मग मोबाईलवर ती गत लावून त्यांनी पहिल्या वाटीवर बोट ठेवलं आणि चार ठोके मोजले. दुसऱ्या वाटीवर चार. पहिली रांग संपली तेव्हा गतीचं पहिलं वाक्य संपलं. दुसऱ्या रांगेत तेच वाक्य पुन्हा आलं. तिसऱ्या रांगेत वेगळं. बाराव्या वाटीवर बोट गेलं आणि गत वळून पहिल्या वाटीवर आली. बारा ठोके नव्हतेच. बारा घरं होती, आणि प्रत्येक घरात चार ठोके. मुलं खिचडीसाठी ओरडत होती आणि बाई रिकाम्या वाट्यांवरून बोट फिरवत हसत होत्या.

घरी येऊन त्या आमोसभाऊंना म्हणाल्या, "अहो, हे भांडन हाय. एक गोष्ट सांगायची. समोरच्यानं ऐकली न्हाई म्हनून तीच परत सांगायची. मंग तिसऱ्यांदा जबाब द्यायचा. झालं."

"हे तर मी चाळीस वर्षं ऐकतोय," आमोसभाऊ म्हणाले, आणि एकताल सोडून त्यांनी केरवा धरला. साधा नाही. ठोका जरा मागे रेलणारा, एका पायाने लंगडत पण मजेत चालणारा. त्या संध्याकाळी गत पहिल्यांदा तालात उभी राहिली.

तरी काहीतरी चुकत होतं. सूर बरोबर, ताल बरोबर, आणि ऐकणाऱ्याला वाटे की हे एखादं नवं भजन आहे. हन्नाबाई काहीही वाजवत, त्याचं भजन होई. सगळं नीट, गुळगुळीत, मान खाली घातलेलं. ऑक्टोबर अर्धा संपला होता.

अशात क्रिस्टीना आली. तेवीस वर्षांची, राहुरीच्या इंग्रजी शाळेत बालवर्गाला शिकवणारी. हातात गीतांची वही.

"मावशी, उपकारस्तुतीच्या तिसऱ्या कडव्यात तुम्ही वर कुठून जायच्या?"

"पायऱ्यांवरनं."

क्रिस्टीनाचा चेहरा पडला. ती जायला वळली, मग दारातच थांबली. "मी मागितलं नव्हतं, मावशी. सरांनी यादी लावली."

"मागितलं असतंस तर बरं वाटलं असतं," हन्नाबाई म्हणाल्या. "भांडून घेतलं असतंस तर आजून बरं. बस आता. चहा घे."

चहा होईतो क्रिस्टीनाची नजर मोबाईलवर गेली. म्हाताऱ्याचा व्हिडिओ मध्येच थांबवलेला होता. खाली इंग्रजीत लोकांनी बरंच काही लिहिलेलं. ती वाचता वाचता थांबली.

"मावशी, तुम्ही हा बाजा त्याच्याच सा पासून वाजवता?"

"मंग कुठून वाजवनार?"

"इथे लिहिलंय, तसा नाही वाजवायचा. बाज्याच्या पंचमाला सा धरायचा. आणि..." तिने पुन्हा वाचलं. "आणि फुंकून नाही. मुख्य सूर सगळे आत ओढून काढायचे. वाकतात ते आत ओढताना."

हन्नाबाईंनी कप खाली ठेवला. बाजा तोंडाला लावला. पंचम धरला, दुसऱ्या भोकावर, आणि श्वास सोडायच्या ऐवजी घेतला. सूर आला. तिसऱ्या भोकावर गेल्या. जीभ आपोआप थोडी मागे सरली आणि तिथला गंधार खाली वाकला, कोमलही नाही, शुद्धही नाही, दोन्हींच्या मधल्या फटीत जाऊन अडकला. खरवडला.

क्रिस्टीनाच्या हातावर काटा आला. तिने तो हन्नाबाईंना दाखवला.

एकतीस वर्षं हन्नाबाई श्वास देऊन गात आल्या होत्या. देता देता तो संपायचा, आणि ऑपरेशननंतर तर ओठांपर्यंत येण्याआधीच सांडून जायचा. आत येणारा श्वास मात्र अजून पुरता त्यांचा होता, त्याला कुठे गळती नव्हती. गाताना श्वास घेणं म्हणजे गाण्यातली चोरी. दोन ओळींच्या मध्ये, कुणाला कळू न देता. इथे चोरी हेच गाणं होतं.

"परत वाच," त्या म्हणाल्या. "सगळं. हळू."

त्यानंतर तीन आठवडे वस्तीने दुसरं काही ऐकलं नाही. अंगणवाडीतली मुलं त्या लंगड्या चालीवर रांगेत हात धुवायला जाऊ लागली. ताटावरचा चमचा बंद झाला. हन्नाबाईंच्या खालच्या ओठाला आतून चट्टा पडला, त्यावर त्या खोबरेल लावत. आमोसभाऊ म्हणाले की घरात भांडण करायला आता त्यांना वेळच मिळत नाही.

सरांचं घर तिथून तिसरं. ते एका सकाळी दुधाची पिशवी हातात घेऊनच आत आले.

"हन्नाबाई, हे काय चालवलंय?"

"कापनीच्या सनाची तयारी."

"ही भक्तीची चाल नाही. मी नातवाला विचारलं. हे दारूच्या गुत्त्यांत वाजवायचे लोक."

"तुमी कधी गेल्ता गुत्त्यात, सर?"

"मी?" सरांनी दुधाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मी कशाला जाईन!"

"मंग तिथं काय वाजतं ते कसं कळलं?" श्वास घ्यायला त्या थांबल्या. सरांनाही थांबावं लागलं. "ह्ये लोक शेतावर राबायचे. रविवारी चर्चला पन जायचे. माझी आई तिसगावहून ऊसतोडीला यायची, सर. दिवसभर कोयता आन् संध्याकाळी ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून काहीबाही म्हनायची. ते कुठल्या पुस्तकात न्हाई. ते देवानं ऐकलं नसंल असं तुमाला वाटतं?"

"मी त्याबद्दल बोलत नाही."

"मी त्याच्याबद्दलच बोलतीय."

सर उठले. दारात म्हणाले, "यादीत तुमचं नाव चहापुढे आहे." आवाज चढला नव्हता. शाळेत घंटा झाली की संपलं, तसं त्यांनी म्हटलं.

सणाच्या दिवशी चर्च भरून गेलं होतं. वेदीला ऊस बांधला होता, खिडक्यांत कणसं. क्रिस्टीनाने उपकारस्तुती म्हटली. चांगली म्हटली. तिसऱ्या कडव्यात ती वर गेली तेव्हा हन्नाबाईंनी डोळे मिटून मान डोलावली. एवढं सरांनीही पाहिलं. मग सरांनी यादी उघडली आणि एकेक घर पुढे येऊ लागलं. भोपळा, आमेन. पेंढी, आमेन. मक्याची कणसं, आमेन.

"पुंजाराम पारधे, दोन कोंबड्या."

पुंजाराम उठले आणि त्यांच्या पुढ्यात हन्नाबाई उभ्या होत्या. निळ्या काठाची साडी, हातात काहीच दिसत नव्हतं.

"जरा थांबा, पुंजारामभाऊ. माझं ठिवते आन् मंग तुमचं."

"हन्नाबाई," सर कठड्याच्या बाजूने म्हणाले, "तुमचं नाव इथे नाही."

"ती माती आनली व्हती, तिचं कुठं नाव व्हतं, सर?"

बाकांवर हालचाल झाली. पाळकसाहेब तरुण आहेत, वर्षभरापूर्वीच आलेले. त्यांनी यादीकडे पाहिलं, मग कठड्याकडे, जिथे हन्नाबाईंनी डावा हात टेकला होता. "आणलंय ना?" ते म्हणाले. "मग ठेवू द्या. रीत आहे."

आमोसभाऊंनी तबल्यावर हात ठेवला.

"आमोसभाऊ, तबला भजनाचा आहे," सर म्हणाले.

"तबल्याला म्हाईत न्हाई, सर."

हन्नाबाईंनी उजव्या मुठीतला बाजा ओठांना लावला आणि पहिलं वाक्य वाजवलं. चर्चच्या उंच छपराखाली तो लहानसा आवाज आधी हरवल्यासारखा झाला आणि मग अचानक मोठा झाला, कारण सगळे गप्प झाले होते. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा जबाब. चक्र फिरलं. दुसऱ्या फेरीत तिसऱ्या भोकावरचा सूर वाकायच्या ऐवजी किंचाळला. पुढच्या बाकावरच्या दोन मुली फिसकन हसल्या. हन्नाबाईंची मान लाल झाली. पण त्या पुढे गेल्या नाहीत. पुन्हा त्याच जागी आल्या आणि तीच किंचाळी जाणूनबुजून, सावकाश, अर्ध्या वाटेवरून खाली वाकवत आणली. मुली हसायच्या थांबल्या. तिसऱ्या फेरीत एका बाकावर कुणाचा तरी पाय हलू लागला आणि शेजारच्या बाईने तो थांबवला नाही, कारण तिचाही हलत होता.

गत संपली. हन्नाबाई धापा टाकत होत्या आणि ते सगळ्यांना ऐकू येत होतं.

"प्रभूने स्वीकारलं," पाळकसाहेब म्हणाले.

आमेन आलं नाही.

एरवी पाळकसाहेबांचं वाक्य संपायच्या आत येतं. पण सुरुवात नेहमी सर करतात, सरांच्या मागे मंडळी. सर यादी वाचत होते. एकच ओळ, वर-खाली. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. हन्नाबाईंनी दुसरा हातही कठड्यावर ठेवला. पाय जरा फाकवून नीट उभ्या राहिल्या, लांबच्या गाडीची वाट पाहणारा माणूस उभा राहतो तशा. त्या सरांकडे पाहत नव्हत्या. खाली ठेवलेल्या भोपळ्यांकडेही नाही. समोर.

पंख्याखाली बांधलेल्या कणसांची सळसळ होत होती.

"आमेन म्हना की लोकहो," मागून पुंजाराम म्हणाले. "माझी एक कोंबडी सुटाया लागलीय." आणि कुणाची वाट न पाहता त्यांनीच मोठ्याने म्हटलं, "आमेन!"

गायकांच्या रांगेतून क्रिस्टीनाचं स्वच्छ आमेन आलं. मग हसण्यात मिसळलेलं बायकांच्या बाजूचं. मग मागच्या बाकांचं, एकाच वेळी नाही, पाऊण मिनिटभर इकडून तिकडून, जसं ज्याला सुचलं तसं. सरांचं आलं नाही. हन्नाबाईंनी तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही. मोजून झाल्यावर बघावं तसं. मग त्या बाजूला झाल्या आणि पुंजारामांनी कोंबड्या ठेवल्या.

पुढच्या बुधवारी सर आणि पाळकसाहेब हन्नाबाईंच्या ओट्यावर आले. सरांच्या हातात मंडळीच्या ठरावांची जाड वही होती.

"तुम्हाला न सांगता करणं बरं नाही, म्हणून आलो," सर म्हणाले. ते खरंच होतं. त्यांच्या स्वभावात लपवाछपवी नाही. त्यांनी कागदावरचा मसुदा वाचून दाखवला. "यापुढे कापणीच्या सणाला कठड्यापाशी केवळ शेतात उगवलेले अथवा घरी पाळलेले आणावे. अन्य काही स्वीकारले जाणार नाही."

पाळकसाहेब आपल्या चपलांकडे पाहत होते. आमोसभाऊ काहीतरी बोलायला पुढे झाले, हन्नाबाईंनी त्यांना हाताने थांबवलं.

"करा ठराव," त्या म्हणाल्या.

सरांना हे अपेक्षित नव्हतं. "तुमची हरकत नाही?"

"हाय. पन तुमी करा. फक्त माझं नाव घाला त्यात."

"नाव कशाला?"

"हन्ना आमोस अमोलिक हिनं बाजा वाजवला म्हनून हा नियम केला, आसं लिहा." श्वास. दोघं थांबले. "उद्या पोरंबाळं वही उघडतील. इचारतील, आधी तर मातीसुदिक चालत व्हती, मंग ह्ये कवापासून? कुनामुळं?" पुन्हा श्वास. "त्यास्नी कळाया पायजे. नाव न घालता माझ्यावर नियम करू नका, सर. तेवढं मला द्या."

सरांनी पेनचं टोपण काढलं. आणखी एकदा मसुदा वाचला, यावेळी मनात. नाव घातलं तर ते वहीत कायमचं राहणार, वस्तीतल्या सगळ्या पणतवंडांना वाचता येणार. न घातलं तर ही बाई मंडळीच्या सभेत उभी राहून हेच विचारणार, आणि तिचा आवाज इतका बारीक आहे की तो ऐकायला सगळ्या सभेला चिडीचूप बसावं लागणार.

टोपण त्यांनी पुन्हा लावलं. "विचार करून लिहितो," ते म्हणाले.

त्याला चार महिने झाले. ठराव अजून वहीत उतरलेला नाही. हन्नाबाईंनी दुसरी गत धरली आहे, पहिलीपेक्षा जलद. तिच्यात चौथं भोकही वाकवावं लागतं आणि ते अजून नीट वाकत नाही. दर बुधवारी दूध आणायला निघालेले सर ओट्यासमोरून जातात तेव्हा त्या बाजा तोंडातून काढतात आणि विचारतात, "झाला का लिहून, सर?"